हनुमानाच्या मुलाची भिंत

बँकॉकला पहिल्यांदाच आणि मोजक्या दिवसांसाठी जाणाऱ्याला आपल्याकडे एक ठरलेली सहल मिळते. निम्मे दिवस पट्टायाला, एक दिवस सफारीला, एक संध्याकाळ नदीवरच्या बोटीत जेवायला, एक दुपार प्रातुनामच्या कपडेबाजारात आणि जाता जाता राजवाडा. ओळखीच्या बहुतेकांनी मला हेच सांगितलं, वर कुठे किती घासाघीस करायची तेही. माझ्याबरोबर ताई येणार होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, उंब्रजजवळच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेली. तिनं तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "तिथल्या देवळात अख्खं रामायण रंगवलंय म्हणतात. ते यात कुठंय?"

ते देऊळ राजवाड्याच्या आवारातच आहे, आणि राजवाड्याला त्या बेतात तासभर दिलेला होता. मी कागद बाजूला ठेवला आणि बेत उलट्या बाजूनं आखायला घेतला. आधी रामायणाची भिंत, मग वेळ उरला तर शहर. दहा ठिकाणी पाय लावून आलेली माणसं बोलायला लागली की ती दहाही ठिकाणं मला एकसारखीच ऐकू येतात. थोडेच दिवस हातात असताना तर एका जागी ठिय्या मारावा, ती जागा आपल्या अंगवळणी पडू द्यावी, असं माझं पक्कं मत आहे. पट्टाया गेलं, सफारी गेली. ताईला त्याचं काहीच वाटलं नाही.

जाण्याआधी वाचत होते तेव्हा एका गोष्टीनं मला धरून ठेवलं. १७६७ साली ब्रह्मी फौजांनी सयामची जुनी राजधानी अयुत्थया जाळून बेचिराख केली. चारशे वर्षांचं शहर गेलं, आणि त्याबरोबर पोथ्याही गेल्या. रामकथेची जुनी बाडं बहुतेक त्यातच संपली. पुढे १७८२ मध्ये चक्री घराण्याचा पहिला राजा गादीवर आला आणि चाओ फ्राया नदीच्या पूर्वतीरावर त्यानं नवी राजधानी उभी केली, तेच आजचं बँकॉक. ब्रह्मदेशाशी लढाया अजून थांबलेल्या नव्हत्या. आणि अशा धामधुमीत हा राजा दरबारी कवींना घेऊन बसतो आणि रामकथा पहिल्यापासून लिहून काढतो. १७९७ साली ते 'रामकियन' पुरं झालं. आज थायलंडमध्ये रामकथेचा सगळ्यात मोठा आणि सलग पाठ म्हणून मानतात तो हाच. कोट, राजवाडा, देऊळ आणि रामायण, सगळं एकाच राजाच्या हयातीत. शहर वसवणाऱ्याला पाणी आणि तटबंदी यांच्याइतकीच गोष्टही निकडीची वाटली, हे वाचल्यावर मला ती भिंत बघायची घाई झाली.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. पोचलो तो दिवस उन्हात आणि मॉलच्या गारव्यात गेला. काचेचे मजल्यावर मजले मला मुंबईत आवडत नाहीत, तिथेही आवडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सेन सेप कालव्यातल्या बोटीनं जुन्या शहराकडे निघालो तेव्हा कुठे मला बँकॉक भेटलं. १८३७ साली तिसऱ्या राजानं पूर्वेच्या लढाईवर फौज आणि रसद न्यायला हा कालवा खणायला घेतला. आता त्यातून कचेरीला जाणारी माणसं जातात. बोट धक्क्याला जेमतेम टेकते आणि माणसं उड्या मारून आत येतात. कडेच्या माणसांनी दोरी ओढली की प्लास्टिकचा पडदा वर चढतो, काळं पाणी अंगावर येत नाही. तिकीट देणारी बाई डोक्याला हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालत येते, एका हातानं दोरी धरून दुसऱ्या हातानं पैसे मोजते. पूल खाली आला की खाली वाकते. दोन्ही बाजूंना घरांची मागची अंगणं, वाळत घातलेले कपडे, कुंड्या, न्हाणीघरं. घराची पुढची बाजू सगळे सजवतात, मला मागचीच बघायला आवडते. ताईनं तर दोरी ओढायचं काम शेवटपर्यंत स्वतःकडे घेतलं.

राजवाड्याच्या भिंतीबाहेर एक गोड बोलणारा माणूस भेटला. आज प्रार्थनेसाठी राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे, तोवर रिक्षानं दुसरी देवळं दाखवतो, म्हणाला. राजवाडा बंद नव्हता. हा तिथला जुना धंदा आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यानं अशा माणसाशी बोलण्यात वेळ घालवू नये, सरळ दारापर्यंत चालत जावं. दारावर पोशाख बघतात, गुडघे आणि खांदे झाकलेले लागतात. ताईच्या नऊवारीकडे बघून पहारेकरी अदबीनं बाजूला झाला.

देवळाचं नाव वाट फ्रा केओ. आत पाचूचा म्हणून प्रसिद्ध असलेला, पण खरं तर जेडमधून घडवलेला बुद्ध आहे, उंचीनं जेमतेम ६६ सेंटीमीटर, उंच सिंहासनावर बसवलेला. वर्षातून तीनदा, ऋतू बदलला की राजा स्वतः त्याचा पोशाख बदलतो. आम्ही गेलो तेव्हा अंगावर उन्हाळ्याचे दागिने आणि मुकुट होता. गर्दी एवढी की मूर्तीसमोर मन लागेना. सोन्याचा लखलखाटही मला सोसला नाही. आम्ही बाहेर पडून थेट ओवरीत शिरलो.

देवळाच्या आवाराला चारी बाजूंनी छपराची ओवरी आहे आणि तिच्या आतल्या भिंतीवर १७८ चौकटींत रामकथा रंगवलेली आहे. उत्तरेकडच्या दारापाशी जनक राजाला नांगराखाली सीता सापडते तिथून गोष्ट सुरू होते आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं आवाराला वळसा घालून तिथेच येऊन संपते. समोरच्या खांबांवर संगमरवरी पाट्या आहेत, त्यांवर पाचव्या राजाच्या काळात रचलेले त्या त्या प्रसंगाचे श्लोक. राजवाडे, फौजा, रथ सगळं सोन्यात, पण खाली कोपऱ्यात बघावं तर कोणी चुलीवर भांडं ठेवलंय, कोणी पोराला खांद्यावर घेतलंय, दोन शिपाई एका बाईकडे बघत उभे आहेत. लोकांचे लोंढे पाचूच्या बुद्धाकडे जात होते. ओवरीत सावली होती, वारा होता आणि माणसं थोडी होती.

राम तिथे हिरवा आहे. लक्ष्मण सोनेरी. रावणही हिरवा, आणि सीता त्याचीच टाकून दिलेली मुलगी. ताई एकेका चौकटीपुढे थांबून मला प्रसंग सांगत होती आणि निम्मे बरोबर ओळखत होती. आमची आई चातुर्मासात श्रीधराचा 'रामविजय' वाचायची, ताई तिच्या शेजारी बसून ऐकायची. मी तेव्हा झोपलेली असायची. एका ठिकाणी मात्र ती अडली. समुद्रावर सेतू बांधणं चाललंय, आणि पाण्यात पांढरा हनुमान एका मासोळीच्या शेपटीच्या सुंदर बाईचा हात धरून आहे.

त्या चौकटीपलीकडे दोरी लावलेली होती. दोरीच्या आत बुटक्या स्टुलावर साधारण माझ्या वयाची एक बाई बसली होती. टेबलावरचा दिवा भिंतीकडे वळवलेला, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा, हातात चार केसांचा कुंचला. ती कोणा वानराच्या दंडावरच्या बाजूबंदाची पुसट झालेली लाल रेघ पुन्हा ओढत होती. रेघ ओढताना श्वास रोखायची आणि संपली की सोडायची. तिच्याजवळ एक विद्यार्थिनी पाट्या धरून बसली होती. ती राजवाड्यासमोरच्याच शिल्पाकॉर्न विद्यापीठात चित्रकला शिकत होती, तिला चांगलं इंग्रजी येत होतं. ताईचे प्रश्न माझ्याकडून त्या मुलीकडे आणि तिच्याकडून चित्रकार बाईंकडे जायचे, उत्तरं उलट वाटेनं यायची.

पहिला प्रश्न हनुमानाचा नव्हता. ताईनं विचारलं, रंग टिकतो कसा? चित्रकार बाई म्हणाल्या, टिकत नाही. ओवरी एका बाजूनं उघडी, पाऊस भरपूर, नदी जवळ. भिंतीतून ओल आणि मीठ वर चढतं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून इथलं काम पिढ्यान् पिढ्या संपत नाही. ओला गिलावा नसतोच, कोरड्या भिंतीवर रंगवतात. मग जुनी रीत सांगितली. नवी चुन्याची भिंत आधी धुवायची, नुसत्या पाण्यानं नाही, तर कासोदाचा पाला कुटून घातलेल्या पाण्यानं, पुन्हा पुन्हा. पुरेशी धुतली का ते बघायला भिंतीवर हळकुंड घासायचं. हळद लाल झाली तर अजून चुना शिल्लक आहे, परत धुवा. पिवळीच राहिली तर भिंत तयार.

"कुंकू!" ताई म्हणाली. मला भाषांतर करायचीही सवड दिली नाही. पर्समधून तिनं कुंकवाची डबी काढली आणि हातवारे करून सांगितलं, हळदीत चुना पडला की ती लाल होते, आमच्याकडे कुंकू तसंच करत आलेत. चित्रकार बाईंनी कुंचला ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि डबी हातात घेऊन वास घेतला. मग त्यांनी भिंतीवरच्या पांढऱ्या लेपाची गोष्ट काढली. तो लेप बसतो चिंचोके भाजून, शिजवून केलेल्या खळीवर. ताई आता खाली फरशीवर मांडी घालून बसली. माणदेशात धनगर घोंगडीच्या सुताला चिंचोक्याचीच खळ देतात, तिनं लहानपणी शेजारच्या घरी ती ढवळलेली आहे. आणि सोन्याचा वर्ख चिकटवायला? उंबराच्या जातीच्या झाडाचा चीक. ताईनं माझ्याकडे असं बघितलं की यापुढे या बाईचा प्रत्येक शब्द ती खरा मानणार आहे हे मला कळलं.

म्हणूनच त्या मासोळीचं उत्तर तिला जड गेलं. ती सुवन्नमच्छा, रावणाची मुलगी. बापाच्या सांगण्यावरून ती सेतूचे दगड रात्रीतून पळवते. हनुमान पाण्यात उतरून तिला पकडतो आणि दोघांचं प्रेम बसतं. तिला त्याच्यापासून मुलगा होतो. रामकियनमधल्या हनुमानाची ही काही एकच प्रेमकथा नाही, बिभीषणाची मुलगी आहे, आणखीही आहेत. तो शूर आहे, रसिक आहे, लोकांचा सगळ्यात लाडका आहे.

आम्ही ज्या भागातल्या आहोत तिथे हे पचणं सोपं नाही. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजला आहे, मसूर, चाफळ, माजगावचे हाकेच्या अंतरावर. तालमीत आधी मारुती, मग लाल माती. ब्रह्मचर्य हीच त्याची ताकद, असं ऐकत आम्ही वाढलो. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मलाही बरं वाटलं नाही, खरं सांगते. कोणी आपल्या घरातल्या थोर माणसाबद्दल भलतं काही सांगावं तसं वाटलं.

मग ताई म्हणाली, "त्यांना सांग, आमच्याकडे त्याला बायको नाही. पण मुलगा आहे."

चित्रकार बाईंनी हे दोनदा विचारून घेतलं. ताईनं सांगितलं, लंका जाळून शेपूट विझवायला मारुती समुद्रावर आला तेव्हा त्याच्या घामाचा थेंब पाण्यात पडला. तो एका मगरीनं गिळला आणि तिला मकरध्वज झाला. घामाच्या थेंबापासून मूल, हे ऐकून त्या दोघी आमच्याइतक्याच चकित झाल्या. आता त्यांना आमची गोष्ट पचेना. चित्रकार बाईंनी विचारलं, "मग तो मुलगा पुढे काय करतो?"

"पाताळाच्या दारावर पहारा देतो. अहिरावण-महिरावण रामाला पळवून नेतात, मारुती मागावर जातो, आणि दारात बापलेकांची लढाई होते."

त्या उठल्याच. दोरी ओलांडून बाहेर आल्या आणि ओवरीतून आमच्या पुढे चालू लागल्या. एका चौकटीत हनुमान डोंगराएवढा झालाय आणि रामाचा आख्खा मंडप त्यानं तोंडात धरलाय, मैयरापानं रामाला पळवू नये म्हणून. तरी तो राक्षस फौजेला झोप आणतो आणि रामाला पाताळात नेतो. जरा पुढे कमळांचं तळं, आणि तळ्याकाठी एक पांढरं वानरपोर, त्याला माशाची शेपटी. मच्चानु. बापासारखाच पांढरा. पाताळाची वाट राखायला मैयरापानं ठेवलेला, त्यानंच वाढवलेला. दोघं लढतात आणि कोणीच हरत नाही. मग हनुमान विचारतो, तू कोणाचा? पोर म्हणतं, हनुमानाचा आणि सुवन्नमच्छेचा. मीच हनुमान, म्हटलं तर पोराचा विश्वास बसत नाही. तेव्हा हनुमान आकाशाकडे तोंड करून जांभई देतो, त्या जांभईतून चंद्र आणि चांदण्या बाहेर पडतात. हे दुसऱ्या कोणाला येत नाही, आईनं पोराला सांगून ठेवलेलं असतं. पोर पायावर डोकं ठेवतं.

"आणि वाट दाखवतो?" ताईनं विचारलं.

नाही. पेच इथेच आहे. बापाला वाट दाखवली तर वाढवणाऱ्याशी बेइमानी, नाही दाखवली तर बाप आणि राम दोघांशी. मच्चानु वाट सांगत नाही. तुम्ही जिथून आलात तिथूनच पुढची वाट निघते, एवढंच कोड्यात बोलतो आणि गप्प होतो. हनुमान कमळाचा देठ मोडतो आणि त्या पोकळ देठातून पाताळात उतरतो. आमच्या गोष्टीत मारुतीला मकरध्वजाला त्याच्याच शेपटीनं बांधून ठेवावं लागतं. पुढे राक्षसाचा जीव भुंग्यात असल्याचं चित्रकार बाई सांगायला लागल्या, आमच्याकडेही या कथेत भुंगे आहेत असं मी म्हणाले, पण ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती त्या पोराच्या तोंडाकडे बघत होती. चित्रकारानं त्याला बापाकडे बघताना रंगवलंय, पण त्याचे पाय तळ्याच्या बाजूला रोवलेले आहेत.

मग ताई बोलायला लागली, आणि ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. ती शाळेसाठी मामांकडे राहत होती. एका उन्हाळ्यात आमच्या वडिलांचं आणि मामांचं जमिनीवरून फाटलं. वडील घरी आले तेव्हा मामा शेतावर होते. वडिलांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, जमिनीच्या कागदांची पेटी कुठे ठेवतात? तिला माहीत होतं. ती म्हणाली, "मला इथं जेवायला वाढतात, अण्णा." एवढंच. अण्णा परत गेले आणि दिवाळीपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. मामांनाही तिनं हे कधी सांगितलं नाही.

मी हे इंग्रजीत सांगितलं, मुलीनं थाईत. मध्ये थांबून तिनं एकदा विचारलं, पेटी म्हणजे केवढी? चित्रकार बाईंनी सगळं ऐकून घेतलं. काही म्हणाल्या नाहीत. ताईचा हात धरून तिला पुन्हा चौकटीजवळ नेलं आणि मच्चानुच्या डोळ्याखालची रेघ दाखवली. ती त्यांच्या गुरूनं ओढलेली होती. आधीच्या चित्रकाराची रेघ दिसेनाशी झाली होती, पोर रागात आहे की रडवेलं आहे याचा अंदाज लागेना. गुरूंनी बरेच दिवस ती जागा कोरी ठेवली होती.

उरलेल्या चौकटी आम्ही भराभर बघितल्या. दुपारी ओवरी रिकामी करायला पहारेकरी आले.

संध्याकाळी पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं लावलेल्या एका टपरीवर जेवलो. त्या झेंड्याखाली मिळतं ते शुद्ध शाकाहारी. माशाच्या पाण्याचा थेंब नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. शाकाहारी माणसानं बँकॉकमध्ये एवढी एकच खूण लक्षात ठेवली तरी भागतं. ताईला चातुर्मासातलं जेवण तिथे मिळालं. मी मात्र नारळाच्या दुधातल्या चिकट भाताबरोबर आंबा मागवला. दुधात मीठ असतं. हापूसवर पोसलेल्या जिभेलाही तो फार आवडला, आणि हे मान्य करायला मला जराही जड जात नाही.

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्याच तिकिटावर साला चालर्मक्रुंगमध्ये खोन हे मुखवट्यांचं नृत्यनाट्य बघितलं. १९३३ सालचं जुनं नाट्यगृह आहे. वानरांची कामं करणाऱ्या पोरांच्या उड्या लहानपणापासून घडवलेल्या. हनुमान रंगमंचावर आला तसा शेजारच्या आजोबांचा चेहरा फुलला, आणि ताईनंही हात जोडले. वाट अरुण आम्ही नदीच्या या काठावरूनच पाहिलं. बाजार राहिले, तरंगता बाजार राहिला.

विमानतळावर निघण्याच्या बाजूला समुद्रमंथनाचं प्रचंड शिल्प आहे, वर विष्णू, खाली देव-दानव वासुकीला ओढतायत. त्याच्या पायाशी बसून ताईनं नातवाला फोन लावला. विमान सुटायला वेळ होता. तिनं त्याला सगळी गोष्ट सांगितली. तोंडात धरलेला मंडप सांगितला, कमळाचा देठ सांगितला, जांभईतल्या चांदण्या तर दोनदा सांगितल्या. त्यानं विचारलं असावं, की मग त्या पोराची आई कोण? ताई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "समुद्रात राहायची. चांगली होती. तिचं सगळं तू मोठा झाल्यावर सांगते."